बी.एफ.ए. पेंटिंग संपत आलंय, एम.एफ.ए. कुठे करावं आणि नेमकं कशासाठी?

पंचगंगा_रंग

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, बी.एफ.ए. (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पोर्ट्रेट आणि लँडस्केप ही माझी ताकद, म्हणजे आमच्याकडे सगळेच त्यात वाढतात, आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांची नावं पहिल्या वर्षापासून कानावर असतात, सुट्टीत रंकाळ्यावर नाहीतर पंचगंगेच्या घाटावर ऑन द स्पॉट करायला पूर्ण ग्रुप बाहेर पडतो. आता पुढे काय हा प्रश्न आहे. घरचे म्हणतात ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा) करून शाळेत चित्रकला शिक्षक हो. आमचे सर म्हणतात एम.एफ.ए. (म्हणजे त्यातलीच मास्टर्स) कर, मुंबईचं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट नाहीतर बडोदा. एक सिनियर म्हणतो की दोन वर्षं आणि पैसे दोन्ही जातात, हातात काम आहे तर कमिशनची पोर्ट्रेटं करत राहा. मला खरंच कळत नाहीये की एम.एफ.ए.मध्ये असं काय शिकवतात जे मला बी.एफ.ए.ला मिळालं नाही. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. मुंबई, बडोदा, शांतिनिकेतन यातलं काय निवडावं तेही सांगा. मराठी मीडियमचा आहे, इंग्रजी बोलताना अडखळतो, त्याचंही टेन्शन आहे.

झिंकप्लेट

बडोद्याला प्रिंटमेकिंग (छापचित्रं) केलंय मी, त्यामुळे तिथलंच सांगते. आधी तुझ्या मूळ प्रश्नाचं. एम.एफ.ए.ला (बडोद्यात त्याला एम.व्ही.ए. म्हणतात, मास्टर ऑफ व्हिज्युअल आर्ट्स) विषय कोणी देत नाही. बी.एफ.ए.ला आपल्याला सवय असते की सोमवारी स्टिल लाइफ, मंगळवारी हेड स्टडी, अमुक तारखेला सबमिशन, शीटची साइज ठरलेली. तिथे गेल्यावर तुला एक जागा मिळते, एक भिंत मिळते आणि सर नाहीतर मॅडम येऊन विचारतात, काय करतोयस? मग तू सांगितलंस की पोर्ट्रेट करतोय, की पुढचा प्रश्न येतो, कोणाचं? का त्याचंच? फोटोवरून का, समोर बसवून का? एवढ्याच मापाचं का? या प्रश्नांपुढे पहिल्या सेमिस्टरला बहुतेक सगळे हलतात आणि आपल्या महाराष्ट्रातून आलेली, हातात भरपूर कसब असलेली मुलं जरा जास्तच हलतात, कारण आतापर्यंत 'छान झालंय' यावर गोष्ट संपत होती. काहींना वाटतं की आपलं कसबच इथे नको आहे, मग घाईघाईने रिअलिझम सोडून दोऱ्या, काचा, जुने फोटो असलं काहीतरी लावायला लागतात. तसं करू नकोस. कसब कोणाला नको नसतं. तू त्या कसबाने काय बघतोयस ते त्यांना ऐकायचं असतं.

याचा पुरावा बडोद्याच्याच इतिहासात आहे. 1950 मध्ये फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्स सुरू झाली तेव्हा पेंटिंगला ना. श्री. बेंद्रे होते, इंदूरचे, आपले मराठी, आणि लँडस्केपमधला त्यांचा हात काय होता हे तुला कोल्हापुरात कोणीही सांगेल. पण त्यांच्या हाताखालून ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाममोहम्मद शेख निघाले, आणि यातल्या एकाचंही काम बेंद्र्यांसारखं नाही, एकमेकांसारखंही नाही. पुढे के. जी. सुब्रमण्यन आले, त्यांनी खेळणी, विणकाम, भित्तिचित्र हे सगळं पेंटिंगच्या बरोबरीने आणून ठेवलं. नसरीन मोहमदी 1972 पासून अखेरपर्यंत तिथे शिकवत होत्या, पेन्सिल आणि शाईच्या बारीक रेघांवर त्यांनी आयुष्य काढलं, आणि त्याच फॅकल्टीच्या आसपास भूपेन खख्खर दुकानदार आणि शेजारीपाजारी रंगवत होते. एकाच आवारात एवढी टोकं नांदतात हे रोज डोळ्यांसमोर असणं, हेच मला वाटतं पीजीचं खरं शिक्षण.

राहण्याचं म्हणशील तर बडोदा तुला परकं वाटणार नाही. गायकवाडांचं गाव, दांडिया बझारला अजून मराठी ऐकू येतं. आणि फॅकल्टीपासून जवळच कीर्तिमंदिर आहे, आत भिंतींवर शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांची म्युरल्स (भित्तिचित्रं) आहेत, पहिल्याच आठवड्यात जाऊन बघ.

तासिका_तत्त्व

वरचं सगळं मनापासून पटलं पण पोटाचंही कोणीतरी लिहिलं पाहिजे म्हणून लिहितो. मी एका कला महाविद्यालयात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवतो, नाव देत नाही. मित्रा, शाळेत चित्रकला शिक्षक व्हायचं असेल तर ए.टी.डी. लागतं, त्यासाठी एम.एफ.ए.ची गरज नाही. एम.एफ.ए. लागतं ते कॉलेजला असिस्टंट प्रोफेसर व्हायला, आणि तेही 55 टक्के आणि सोबत नेट किंवा सेट (प्राध्यापकांसाठीची पात्रता परीक्षा). नेटला आपला विषय व्हिज्युअल आर्ट्स, कोड 79. दोन पेपर मिळून 150 प्रश्न, तीन तास, सगळं ऑब्जेक्टिव्ह. त्यात अजिंठा, मुघल मिनिएचर, रेनेसाँ, बाउहाउसपासून लिथोच्या (दगडावरून छापण्याच्या) केमिकलपर्यंत काहीही येतं. चार वर्षं फक्त रंगवत बसलेला मुलगा तिथे अडकतो. म्हणून सांगतो, एम.एफ.ए.ला आर्ट हिस्टरीचा पेपर असतो तो आणि डेझर्टेशन (लेखी प्रबंध) ही दोन्ही कामं उरकायची म्हणून करू नकोस.

आणि हे सगळं करूनही पर्मनंट जागा निघायला वर्षं जातात. तासावर पैसे, परीक्षेच्या आणि सुट्टीच्या महिन्यात काहीच नाही, बिलं उशिरा निघतात. माझ्याबरोबरचे कितीतरी जण असेच आहेत. यात राग कोणा एकावर नाही, पण नोकरीची खात्री म्हणून कोणी एम.एफ.ए.ला जाऊ नये एवढं स्पष्ट सांगतो. स्वतःचं काम पुढे न्यायचंय म्हणून जायचं असेल तर जरूर जा, मी केलं त्याचं मला समाधान आहे.

मातीकाम

शांतिनिकेतनबद्दल मी सांगतो, तिथल्या कलाभवन या कलाशाळेत स्कल्प्चर केलं. मी विदर्भातला, तिथे जाईपर्यंत बंगालीचा एक शब्द येत नव्हता. कलाभवन 1919 चं. तिथली गंमत अशी की क्लासरूम आणि बाहेर यात भिंत नाहीच. हॉस्टेलवरून निघालास की वाटेत रामकिंकर बैज यांचं 'संथाळ कुटुंब' हे शिल्प उभं असतं, 1938 चं, सिमेंट आणि तिथलीच लाल मुरमाड खडी वापरून केलेलं, कारण ब्राँझचे पैसे नव्हते. आम्ही मटेरियल नाही म्हणून कुरकुरायला लागलो की सर काही न बोलता तिकडे बघायचे. मग हिंदी भवनात बिनोदबिहारी मुखर्जींचं मध्ययुगीन संतांचं म्युरल आहे, त्यांची नजर आधीपासूनच अधू होती आणि 1947 मध्ये ते पूर्ण करून काही वर्षांत ती पूर्ण गेली. आपल्याकडे वारकरी परंपरा रक्तात आहे म्हणा किंवा काहीही म्हणा, त्या भिंतीवरची ती संतांची लांबच लांब रांग मी किती वेळा बघितली असेल माहीत नाही, दर वेळी नवीन काहीतरी सापडायचं. माझं डेझर्टेशन शेवटी दिंडीत चालणाऱ्या माणसांच्या शरीराच्या लयीवर झालं, ते त्या भिंतीमुळे. एवढ्या लांब जाऊन मला आपली वारी दिसली असं म्हणतो मी.

नंदन मेळा असतो 1 आणि 2 डिसेंबरला, नंदलाल बोसांच्या वाढदिवसाच्या आदल्या दोन दिवशी. विद्यार्थी आणि शिक्षक स्वतः केलेल्या वस्तू विकतात आणि ते पैसे गरजू विद्यार्थ्यांच्या मदतनिधीला जातात. पूर्ण महिना आधीपासून रात्री जागून सगळे कामं करतात, पेंटिंगवाला सिरॅमिकच्या भट्टीवर, आम्ही मातीवाले प्रिंटच्या प्रेसवर. तिथे जे शिकलो ते कुठल्या पेपरला नव्हतं.

एक अडचण सांगून ठेवतो, उन्हाळा आणि पावसाळ्यातला दमटपणा, कागद आणि लाकूड दोन्ही फुगतं, आणि गाव लहान आहे, गॅलऱ्या बघायच्या तर कोलकात्याला ट्रेनने जावं लागतं.

फोर्टची_लोकल

जे.जे.चं कोणी लिहिलं नाही अजून. 1857 ची संस्था आहे, आणि 2023 मध्ये अभिमत विद्यापीठ झाली, त्यामुळे प्रवेश, फी, सिलॅबस यासाठी नेटवर पडलेल्या जुन्या पोस्टी वाचू नका, चालू वर्षाची माहितीपुस्तिकाच बघा. पोर्ट्रेटवाल्याला जे.जे.सारखी जागा नाही हे मी ठामपणे म्हणेन, तिथे पोर्ट्रेटला परंपरा आहे आणि ती अभिमानाने सांभाळणारे शिक्षक आहेत. झिंकप्लेट यांनी लिहिलेला 'का' हा प्रश्न आमच्याकडेही विचारला जातो, फक्त मॉडेल समोर बसलेलं असताना विचारला जातो, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं.

आणि मुंबई स्वतः एक वर्ग आहे हो. सीएसएमटीला उतरून कॅम्पस, तिथून चालत जहांगीर आर्ट गॅलरी, जवळच एनजीएमए (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय), म्युझियम, भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालय. दर आठवड्याला नवीन शो. ओपनिंगला जाऊन लांबून का होईना चित्रकारांना बोलताना ऐकायचं. चित्रकार गायतोंडे याच जे.जे.मधून बाहेर पडले 1948 ला. रझा नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमधून जे.जे.ला आले आणि मग फ्रेंच स्कॉलरशिपवर पॅरिसला गेले, म्हणजे एकाच जागी सगळं मिळतं असं नाही, माणसं फिरत फिरत शिकली. खर्च मात्र राहण्याचा आहे. विरार-बदलापूरकडून मोठा कॅनव्हास लोकलने आणणं केवढं जिकिरीचं असतं ते आणलेल्यालाच माहीत, लगेज डब्याशिवाय पर्याय नाही, म्हणून आमच्यातले बरेच जण गुंडाळता येणाऱ्या कापडावर किंवा छोट्या पॅनल जोडून काम करायला लागले.

एक_रेषा

मी थोडं वेगळं मांडतो, राग मानू नका. मला वाटतं एम.एफ.ए. न करताही हे सगळं होऊ शकतं. सुधीर पटवर्धन ठाण्याचे, पेशाने रेडिओलॉजिस्ट, कुठल्या आर्ट स्कूलमध्ये गेले नाहीत, आणि मुंबई-ठाण्याचा कामगार, लोकल, इराणी हॉटेल त्यांच्याइतकं कोणी बघितलंय? भूपेन खख्खर चार्टर्ड अकाउंटंट होते. चार मित्रांनी मिळून एक गाळा भाड्याने घ्या, रोज काम करा, महिन्यातून एकदा एकमेकांच्या कामावर कठोर बोला, पुस्तकं वाचा. दोन वर्षांच्या फीमध्ये आणि हॉस्टेलमध्ये जेवढे जातात तेवढ्यात हा गाळा चालतो.

झिंकप्लेट

@एक_रेषा, गाळ्याची कल्पना चांगली आहे आणि पटवर्धनांबद्दल शंभर टक्के सहमत. पण खख्खर 1962 ला बडोद्याला आले ते फाइन आर्ट्सलाच, आर्ट क्रिटिसिझम शिकायला, आणि शेख वगैरे मंडळींच्या संगतीतच ते घडले. म्हणजे शेवटी संगत लागतेच. मुंबई-पुण्याच्या मुलाला ती कॉलेजबाहेर मिळू शकते. ज्याच्या गावात वर्षाला धड एक प्रदर्शन होत नाही त्याने संगत कुठून आणायची? माझ्यासारखीला एचिंगची (अ‍ॅसिडने कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून छापायची) प्रेस, अ‍ॅसिडची खोली, लिथोचे दगड घरी कसे मिळणार होते? सार्वजनिक विद्यापीठात हे सगळं वाजवी फीत मिळतं ही फार मोठी गोष्ट आहे, ती लहान गावातल्या मुलांनी हक्काने घ्यावी असं मला कळकळीने वाटतं. गाळा नंतर आहेच की, बडोद्यात तर पीजी संपल्यावर कितीतरी जण तिथेच एकत्र स्टुडिओ घेऊन राहतात.

एक_रेषा

मान्य. प्रिंट आणि स्कल्प्चरला इन्फ्रास्ट्रक्चर लागतंच, माझ्या डोक्यात पेंटिंगच होतं.

गोदाकाठ

मी चित्रकार नाही, आई आहे. मुलगी एम.एफ.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, नाशिकहून लांब शिकते. बाळा, तुझ्या घरच्यांसाठी लिहिते, त्यांना वाचून दाखव. फी आम्हाला जड नाही गेली, जड गेला तो मटेरियलचा खर्च. कॅनव्हास, फ्रेम, तेलरंग, शेवटच्या डिस्प्लेला वाहतूक, हे माहितीपुस्तिकेत कुठे लिहिलेलं नसतं, त्यामुळे आधीच थोडे बाजूला काढून ठेवा. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची स्कॉलरशिप असते, वय 18 ते 25, महिना 5000 रुपये, दोन वर्षं. जाहिरात कधी निघते याकडे लक्ष ठेवावं लागतं. आमच्या मुलीला पहिल्यांदा मिळाली नव्हती, कामांचे फोटो नीट काढून पुन्हा भरली तेव्हा मिळाली.

आणि अजून एक, मुलगी सुट्टीत घरी आली की आता ती आजीशी तासन्‌तास बोलत बसते, जुन्या गोधड्या कोणत्या लुगड्यांच्या ते विचारून लिहून घेते. ते तिच्या कामात येतंय. मला त्या चित्रांतलं सगळं कळत नाही पण ती कशाच्या तरी मागे आहे हे दिसतं, आणि आम्ही दोघंही त्यात आनंदी आहोत.

राइनकाठी_पुणेकर

परदेशाचं कोणी विचारलं नाहीये पण धागा वाचणाऱ्या बाकीच्यांना उपयोग होईल म्हणून थोडक्यात लिहितो. जर्मनीत सरकारी कला अकादमींमध्ये बहुतेक राज्यांत ट्यूशन फी नाही, सेमिस्टरची छोटी वर्गणी असते. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपियन युनियनबाहेरच्यांना सेमिस्टरला 1500 युरो. व्हिसासाठी खात्यात वर्षाचे साधारण 12 हजार युरो ब्लॉक करून दाखवावे लागतात, आपल्या लोकांची खरी अडचण तिथे येते. पद्धत अशी की एका प्रोफेसरच्या क्लासमध्ये तुम्ही असता, पहिल्या आणि शेवटच्या वर्षाचे एकत्र बसतात, मार्क वगैरे फार नसतं. अर्जाआधी त्या प्रोफेसरचं काम बघा, जमलं तर त्यांना भेटा, आणि वर्षातून एकदा अकादमी सगळ्यांना उघडी असते त्याला रुंडगांग म्हणतात तेव्हा जाऊन बघता आलं तर सोन्याहून पिवळं. जर्मन भाषा आधी शिकून या, क्लासमधली खरी चर्चा जर्मनमध्येच रंगते. पण माझं प्रामाणिक मत, आधी भारतात एम.एफ.ए. करा. इथे आल्यावर सगळे विचारतात तुमच्याकडच्या कलेत काय चाललंय, आणि तेव्हा बोलायला स्वतःचं काहीतरी असलं पाहिजे.

लाल_चिरा

मध्येच विचारते, माझं जी.डी. आर्ट झालंय, रत्नागिरी जिल्ह्यातली आहे. मला एम.एफ.ए. करता येईल का?

तासिका_तत्त्व

@लाल_चिरा ताई, जी.डी. आर्ट डिप्लोमा आहे, पदवी नाही, त्यामुळे सगळीकडे अर्ज करता येत नाही. बडोद्याला पोस्ट डिप्लोमा नावाचा वेगळा कोर्स आहे, तो तुमच्यासारख्यांसाठीच. स्टुडिओ, शिक्षक, चर्चा सगळं तेच मिळतं, पण कॉलेजच्या नोकरीसाठी लागणारी मास्टर्स डिग्री त्याने मिळत नाही, तेवढं लक्षात घेऊन ठरवा. स्वतःच्या कामासाठी जाणार असाल तर उत्तम आहे.

पंचगंगा_रंग

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री घरी मोठ्याने वाचून दाखवलं, बाबांनी गोदाकाठ काकूंचं दोनदा वाचायला लावलं. मी बडोदा आणि जे.जे. दोन्हीकडे अर्ज करायचं ठरवलंय. आता पोर्टफोलिओत काय ठेवू? माझ्याकडे पोर्ट्रेटं ढीगभर आहेत, घाटाची लँडस्केपं आहेत, आणि एक सिरीज अर्धवट आहे, 2019 च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी आलं होतं त्यानंतर घराघरांच्या भिंतींवर जी पाण्याची रेघ राहिली ती मी बरीच रंगवली आहे, पण ती दाखवण्यासारखी नाहीत, कच्ची आहेत, रंगही नीट लागले नाहीत. आणि इंटरव्ह्यूला इंग्रजीचं काय करू?

झिंकप्लेट

अरे ती पुराची रेघच पुढे ठेव की! पोर्ट्रेटं निवडक ठेव, हात दिसण्यापुरती, त्यात एक तरी प्रत्यक्ष समोर बसवून केलेलं असू दे. घाटाची दोन-तीन पुरेत, शक्यतो तीच जागा पुराआधी आणि नंतर अशी असली तर बघ. बाकी सगळी जागा त्या रेघांना दे, कच्च्या असल्या तरी. जिथे तू स्वतः अडलायस तेच काम ते बघतात, कारण दोन वर्षं तिथेच काम होणार असतं. स्केचबुकं सगळी ने, फाटकी असली तरी, मला तर इंटरव्ह्यूत कॅनव्हासपेक्षा स्केचबुकावरच जास्त विचारलं होतं. त्या भिंतींचे फोटो, कोणी काय सांगितलं, पाणी कुठवर आलं होतं, हे लिहिलेलं असेल तर तेही ने.

इंग्रजीचं म्हणशील तर मोडक्यातोडक्या हिंदीत बोल, हिंदी-गुजराती-इंग्रजी सगळं मिसळूनच तिथे बोलतात, तुझं काम तुला ठाऊक असेल तर कोणी भाषेवर अडवत नाही. डेझर्टेशन मात्र इंग्रजीत लिहावं लागेल बहुतेक, आधी मराठीत लिही आणि मग मित्राला सोबत घेऊन इंग्रजी कर. उलट केलंस तर वाचलेल्या पुस्तकांतली वाक्यं येतात आणि तुझी गल्ली त्यातून नाहीशी होते.

फोर्टची_लोकल

पूर्ण सहमत. फक्त एवढंच की जे.जे.साठी पोर्ट्रेट थोडी जास्त ठेव, दोन वेगळे संच कर. आणि फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत काढ, ट्यूबलाइटखाली काढलेल्यात सगळे करडे रंग हिरवे येतात आणि तुझ्या पाण्याच्या रेघेचा रंग तर करड्यातच असणार.

पंचगंगा_रंग

आमच्या गल्लीत दोन घरांवर अजून ती रेघ तशीच आहे, रंग दिला नाहीये त्यांनी. उद्या सकाळी तिथे बसून पुन्हा करतो, या वेळी आतल्या माणसांसकट. फोटो इथे टाकेन, बघून सांगा.